सातेरीपुढे ठेवलेलं पद

धारगळला हायवेला लागून बाबली परबाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं एवढंच. दोन बाकं, एक स्टोव्ह, काचेच्या कपाटात पाव आणि सकाळची पातळ भाजी. रस्त्यापलीकडे, समोरच, दुसरं हॉटेल. बाबली चहा गाळताना गायचा. बसचे ड्रायव्हर त्यासाठी गाडी जरा जास्त वेळ थांबवत.

"गाणा ऐकतत हंय आनि च्या पितत समोर," जानकी म्हणायची. जानकी त्याची बायको. "समोरचो घर बांधता, आमी सूर लावतंव."

बाबलीला या बोलण्याचा राग येत नसे. तो पुढचं कडवं घेई.

गायचा तो बहुतेक एकाच नाटकातलं. 'संगीत मंदारलता'. लिहिलं विठ्ठल सावईकर मास्तरांनी. मास्तर मूळचे डिचोलीकडच्या सुर्ल्याचे. पोर्तुगिजांच्या काळात धारगळला मराठी शाळा चालवायला आले आणि शाळेबरोबर नाटकाच्या तालमी घेऊ लागले. मंदारलता ही राजकन्या. नवरा तिला रानात सोडून जातो. बाबली तेव्हा तेरा वर्षांचा होता, आवाज फुटायचा होता. मास्तरांनी त्याला लुगडं नेसवलं आणि ग्रामदेवी सातेरीच्या जत्रेत उभं केलं. तिसऱ्या अंकात राजकन्या एकटीच उरते आणि पद म्हणते, 'उगा का थांबला वारा, उभी मी एकली दारी.'

"रानात दार खंयचां?" जानकीने लग्नानंतर विचारलं होतं.

"तिच्या मनातलां दार तां."

"मगे कडी घाल म्हणा. वारो येतलो."

बाबलीचा आवाज फुटला, मिशी आली, लुगडं सुटलं. पद सुटलं नाही. पुढे रंगभूमीवर जी कोणी मंदारलता उभी राही ती नुसते ओठ हलवी. पेटीवाल्याच्या बाजूला, पडद्याआड बसून बाबली गाई. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

चाली मास्तरांनी स्वतः बांधलेल्या. त्या काळच्या नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असे, अमुक पदासारखं म्हणा म्हणून. मास्तरांचं पुस्तक वेंगुर्ल्याला छापलं. त्यात सगळ्या पदांवर एकच लिहिलं आहे. 'चाल : नवी.' म्हणजे ती कागदावर नाही. मास्तरांसमोर बसून ज्याने घेतली त्याच्याकडेच ती. मास्तर १९४१ साली तापाने गेले. समोर बसलेले एकेक करून गेले. बाबली राहिला.

मास्तरांना एकच मुलगी. सुमंगला. वडील गेले तेव्हा सहा वर्षांची. तिला सुर्ल्यातच दिली आणि ती सुर्ल्यातच राहिली. धारगळच्या नाट्यमंडळाचा रिवाज असा की 'मंदारलता' लावायचं ठरलं की चार माणसांनी सुर्ल्याला जायचं, तिच्या उंबरठ्यावर नारळ ठेवायचा आणि विचारायचं. पैशांची गोष्ट तिने कधी काढली नाही. ती एकच सांगे.

"नांदीच्या पयलीं म्हज्या बाबाचें नांव घेयात. व्हडल्यान."

यालाही कारण होतं. मास्तर हयात असताना एका फिरत्या मंडळीने त्यांचं नाटक उचललं आणि जाहिरातीवर दुसऱ्याचं नाव घातलं. मास्तर तिकीट काढून ते नाटक बघून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सुमंगलाच्या आईने तिला एवढंच सांगितलं होतं. सुमंगलाने ते जन्मभर जपलं.

१९८६च्या जत्रेत ती नाटकाला आली होती. पुढच्याच चटईवर बसली होती. त्या साली भाषेचं पेटलं होतं. मराठी की कोकणी यावरून एका घरात दोन चुली होण्याची वेळ आली होती. मंडळाचा सेक्रेटरी प्रमोद नाव पुकारायला म्हणून पुढे आला. माईक हातात आला आणि त्याला भाषणाची चढली. त्याने मराठीच्या घोषणा दिल्या. अर्धी माणसं उठून ओरडायला लागली, अर्धी उठून घरी निघाली. त्या गोंधळात कुणीतरी पडदा ओढला. नांदी सुरू झाली. मास्तरांचं नाव राहून गेलं.

पडद्याआडून बाबलीला पुढची चटई दिसत होती. पहिल्या अंकातच ती रिकामी झाली.

पुढच्या वर्षी मंडळी नारळ घेऊन सुर्ल्याला गेली. प्रमोद माफी मागायला मुद्दाम बरोबर होता.

"बाय, चूक झाली," तो म्हणाला. "पण वेळच तसो होतो. आमच्या भाषेचो प्रश्न..."

"म्हज्या बापायन बरयलें तें खंयचे भाशेंत रे?" सुमंगला म्हणाली. "बरयतल्याचें नांव घेवंक तुका याद ना, आनी भाशेचें नांव घेता?"

तिने नारळ उचलला आणि बाबलीच्या हातात परत दिला.

"बाबलीदादा, तूं आशिल्लो थंय. तुज्यान उलोवंक नज आशिल्लें?"

बाबलीला बोलता आलं असतं. पडदा बाजूला सारून एक नाव घ्यायचं, त्याला किती वेळ लागतो? परतीच्या बसमध्ये धारगळपर्यंत तो नारळ मांडीवर घेऊन बसला.

साईश शेजारच्या घरातला. मराठी घेऊन बी. ए. झालेला, पणजीला एका ग्रंथालयात नोकरीला. रोज संध्याकाळी बसमधून उतरला की बाबलीच्या बाकावर बसायचा. कायदा त्याने सांगितला. लेखक गेल्यावर पन्नास वर्षं हक्क घरच्यांचा. पन्नासावं वर्ष सरलं की मग कुणाला विचारायला नको.

"मास्तर एक्केचाळीसला गेले. म्हणजे ब्याण्णव लागलं की नाटक मोकळं."

"मोकळां म्हणजे कोणाचां?"

"सगळ्यांचं."

बाबलीने स्टोव्ह बारीक केला. "आनि सुमंगलाबायचां?"

"तिचंही. सगळ्यांत ती आलीच की."

हे उत्तर बाबलीला पुरलं नाही. पण पाच वर्षं थांबायचं, हे त्याला पटलं. थांबणं ही शिक्षाच झाली, आणि शिक्षा व्हायला हवी होती. मंडळाच्या बैठकीत त्याने स्वतःहून सुचवलं ते असं. नाटक मोकळं होईपर्यंत त्यातलं एक अक्षरही कुणी तोंडात घ्यायचं नाही. ना रंगभूमीवर, ना घरी.

"काका, कायदा घरात गायला अडवत नाही," साईश म्हणाला.

"कायदो नाय अडवणा. मी अडवतंय."

जत्रेच्या सकाळी देवळाचा मानकरी सखाराम गावकर याने सातेरीपुढे गाऱ्हाणं घातलं. "हे सातेरी माये, तुज्या लेकरांच्या हातून चूक झाली. मास्तराचां नांव रवला. तेचो दंड म्हणान नाटक मोकळां जाईसर तेतूरलां एक पद तेंच्या तोंडात येवचां नाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबलीचा आवाज सगळ्यांत वर होता.

सुर्ल्याहून परत आलेला नारळ लाल फडक्यात बांधून देवळाच्या चौकातल्या वाशाला टांगला.

हॉटेल गप्प झालं. पहिले काही दिवस ड्रायव्हर विचारत. "काय बाबल्या, गळो बसलो काय?" बाबली हसून कप पुढे करी. मग नवे ड्रायव्हर आले. त्यांना तो गायचा हेच माहीत नव्हतं. जानकी एकदा म्हणाली, "गायत होतास तेव्हा माका कटकट वाटायची. आता भांडी घासताना हात चलना नाय." साईशच्या भावाने आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता. तो घेऊन साईश आला. दार लावून, हळू आवाजात, नुसतं एकदा.

"सातेरीक ऐकूक येना नाय काय रे?" बाबलीने विचारलं.

साईशने टेप पिशवीत घातला.

गायला नाही तरी पद आत चालूच असे. पीठ मळताना, पाव मोजताना. 'थांबला' या शब्दावर मास्तर आवाज खाली नेत. नवशिक्या माणसाला तिथे वर जावंसं वाटतं. मास्तर म्हणत, वारा थांबला की काही वर जात नाही रे, सगळं खाली बसतं. बाबली मनात तिथे दर वेळी खाली बसे.

एक्क्याण्णव संपत आलं. मंडळाने तालमीचा दिवस धरला. पेटी सुरात करून आणली. वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसांत साईश पेपर घेऊन आला तेव्हा बाबली बाकं धूत होता. साईश बसला नाही. उभ्यानेच सांगितलं. वटहुकूम निघाला होता. पन्नासची साठ वर्षं केली होती.

"कोणी केली?"

"दिल्लीने. देशातले एक फार मोठे कवीही त्याच साली गेले होते. त्यांची मुदत संपत होती. त्यांच्या माणसांना ती संपायला नको होती."

बाबलीने फडकं पिळलं. पुन्हा बादलीत बुडवलं, पुन्हा पिळलं.

"तो कवी मोठो," तो म्हणाला. "तेचां लोकांक पाठ आसतलां."

"सगळ्या देशाला पाठ आहे."

"मगे तेका धा वर्सां गेली तरी काय जाता? कोण विसारता? आमचो मास्तर कोणाक पाठ आसा?" त्याने साईशकडे पाहिलं. "धा वर्सांनी मी किती वर्सांचो जातलंय?"

दोघांनाही हिशेब येत होता. दोघांनीही तो केला नाही.

पुढच्या महिन्यात बाबली एकटाच सुर्ल्याला गेला. नारळ नेला नाही. खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते. सुमंगलाच्या अंगणातल्या तुळशीची पानं लाल धुळीने माखली होती. तिने चहा केला. बराच वेळ दोघं इकडचं तिकडचं बोलली. मग तीच म्हणाली, "कळ्ळें म्हाका. धा वर्सां आनीक दिल्यांत. हांवें मागूंक नाशिल्लीं तीं."

"तुमी मागलास नाय, माका म्हायत आसा."

"पूण दिल्यांत जाल्यार म्हजीं." मग तिचा आवाज बदलला. "बाबलीदादा, एक विचारूं? बाबा म्हाका खांद्यार घेवन तें पद म्हणटाले. वाऱ्याचें. म्हाका निमाणी ओळ मात याद आसा. तितलीच. बाकीचें म्हाका याद येना. मातशें म्हण."

बाबलीने कप खाली ठेवला. पद घशापर्यंत आलं होतं. पाच वर्षं दाबलेलं, सबंध. समोर मास्तरांची मुलगी बसली होती. सत्तावन्न वर्षांची, आणि ज्या वयाचं ती बोलत होती त्याच वयाचं तोंड करून.

"माका गावंक जावचां नाय, बाय."

"कित्याक?"

त्याने गाऱ्हाण्याची हकिगत सांगितली. नाव राहिलं त्याचा दंड. नाटक मोकळं होईपर्यंत तोंडात घ्यायचं नाही. सांगता सांगता त्याला कळलं की हे कसं ऐकू जातं आहे.

"म्हणजे हांवें परवानगी दिल्यार तूं गायतलो," सुमंगला सावकाश म्हणाली. "ना जाल्यार ना. बरो सौदो."

"तसां नाय, बाय."

"मगे कशें?"

कसं, ते त्याला मांडता आलं नाही. दंड तिच्यासाठीच घेतला होता. तिच्या बापाच्या नावासाठी. पण आता तो दंडच दोघांच्या मध्ये बसला होता, आणि काहीही म्हटलं तरी ते मागणंच ठरलं असतं. ती आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. बाबलीने कप विसळून पालथा घातला आणि निघाला.

बसमध्ये त्याने ठरवलं. आधी सातेरीकडून मोकळं व्हायचं. प्रसाद लावायचा, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल मागायचा. देवीने उजवी पाकळी दिली की सुर्ल्याला जायचं, तिच्या ओसरीवर बसून पद पुरं म्हणायचं आणि परवानगीचा शब्दही न काढता परत यायचं. मग ती देवो न देवो.

पण सातेरीचं देऊळ जीर्णोद्धाराला काढलं होतं. भटजींनी देवीची कळा कलशात घेतली होती. जुनं देऊळ उतरवलं, नवीन उभं राहत होतं. पुन्हा प्रतिष्ठा होईपर्यंत पाकळी लावता येत नाही. सखाराम म्हणाला, "सा म्हयन्यांचां काम." काम ते, लांबलं. कंत्राटदार बदलला, बेळगावहून आलेले गवंडी पावसात गावी गेले ते उशिरा परतले. वाशाचा नारळ आता सखारामाच्या माळ्यावर होता. बाबली अधूनमधून जाऊन तो हलवून बघे. आत पाणी राहिलं नव्हतं. खोबरं सुटून गोटा झाला होता, कवटीत खडखड वाजत होता.

"कित्याक घाई करतास?" जानकी म्हणाली. "सुमंगलाबाय खंय पळता?"

ती नाही पळाली. चौऱ्याण्णवच्या श्रावणात एका सकाळी बाबली कपाटात पाव लावत होता. हातातला पाव पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. म्हापशाच्या इस्पितळातून घरी आणला तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. 'ब' एवढंच यायचं. तेही मोठ्या कष्टाने.

मार्गशीर्षात नव्या देवळात प्रतिष्ठा झाली. सखारामाने बाबलीच्या आणि मंडळाच्या वतीने प्रसाद लावला. पाकळी लगेच पडली. उजवी. सखाराम ते सांगायला धावत आला आणि दारात उभा राहिला.

साईश सुर्ल्याला जाऊन आला. त्याने सगळं सांगितलं. सौदा नव्हता, हेही. सुमंगला ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हाका दिसलें तो रागान येना." त्यानंतर फार दिवस ती राहिली नाही. हक्क आता तिच्या मुलाकडे गेला. मुलगा मस्कतला होता. साईशने त्याला दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याने नकार दिला असं नव्हे. त्याला कदाचित हे नाटक काय ते माहीतच नसावं.

त्या वर्षी रोज संध्याकाळी बाबलीच्या खाटेपाशी पेटी येई. सगळ्यांना वाटत होतं, आपल्याला चाल येते. इतकी वर्षं ऐकली होती. पेटीवाला सूर धरी, जानकी गुणगुणे, साईश टेप चालू ठेवी. बाबली मान हलवून हो-नाही सांगे. पहिली ओळ जवळपास हाताला लागली. 'थांबला'पाशी सगळे वर गेले. बाबलीने मान हलवली. पुन्हा वर गेले. त्याने डावा हात उचलला आणि खाली, खाली, असा चादरीवर दाबला.

"काय व्हया? उशी?" जानकीने विचारलं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने पेटी बंद करायला लावली. काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न झाला. मग नाही.

दोन हजार दोन साली नाटक मोकळं झालं. कुणाला विचारायचं नव्हतं. मंडळात आता नवी पोरं होती. साईशने ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या प्रती काढून दिल्या. पदांवर लिहिलं होतं, 'चाल : नवी.' पोरांनी पणजीहून कीबोर्डवाला आणला आणि नव्या चाली बांधून घेतल्या.

जत्रेच्या दिवशी बाबलीला खुर्चीवर बसवून पुढे आणलं. शेजारी जानकी चटईवर. सूत्रसंचालक देणगीदारांची नावं वाचत होता. सरपंच, पंच, लायटिंगवाले, मंडप कंत्राटदार. पाहुण्यांना नारळ झाले. पडद्यामागे घंटा वाजली.

बाबलीने डाव्या हातातली काठी जमिनीवर आपटली. एकदा. पुन्हा. लोक वळून बघायला लागले. "म्हाताऱ्याक भायर व्हरा," कुणीतरी म्हणालं. "काय जाता तेका?" काठी थांबेना. जानकी हात धरायला उठली आणि तिने त्याचं तोंड पाहिलं.

"साईश," ती ओरडली, "मास्तराचां नांव!"

साईश रंगभूमीवर चढला. सूत्रसंचालकाच्या हातातला माईक घेतला. तो म्हणाला, "नाटककार, कै. विठ्ठल सावईकर मास्तर. सुर्ला." दुसरं काही म्हणाला नाही. पुन्हा एकदा, मोठ्याने तेच म्हणाला.

काठी थांबली. नांदी सुरू झाली.

तिसऱ्या अंकात मंदारलता एकटी उरली. काम करणारी संजना कॉलेजात शिकणारी, आवाज गोड, स्वतः गाणारी. कीबोर्डवर तंतुवाद्यं वाजली. 'उगा का थांबला' म्हणताना तिचा आवाज वर गेला, आणखी वर गेला आणि तिथे थरथरत राहिला. टाळ्या पडल्या. वन्स मोअर आला. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा वर गेली.

बाबली ऐकत होता. त्याच्या आत दुसरं पद चालू होतं. ते खाली बसलं, मग तिथून हळूहळू उठलं, कडव्याकडे वळलं, जिथे मास्तर डोळे मिटत तिथे पोचलं, शेवटच्या ओळीवर आलं. सुमंगलाला आठवत होती ती ओळ. सबंध पद होतं. एक सूरही गळला नव्हता. त्याने तोंड उघडलं.

"ब," तो म्हणाला. "ब."

नाटक संपल्यावर संजना रंग न पुसता धावत आली आणि पाया पडली. "आजोबा, पद बरं झालं ना? मी खूप घाबरले होते."

तिच्या कपाळावर घाम होता. तिच्यामागे सगळं मंडळ उभं होतं. जानकी खाली बघत होती. तिला गाता येत नसलं तरी ही ती चाल नव्हे, एवढं तिला कळत होतं.

बाबलीने संजनाकडे पाहिलं. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवली. हो.